गावकरी, कामर आणि ग्रामसभा : पेडणे-डिचोलीच्या स्थानिक कारभाराचा मागोवा

शेताचा बांध फुटला तर तो कोणाच्या खर्चाने बांधायचा, गावाच्या उत्पन्नातला वाटा कोणाला मिळायचा आणि गावात नव्याने आलेल्या माणसाने घर कुठे उभारायचे, हे तीन प्रश्न गोमंतकातील प्रत्येक राजवटीला पडले. कदंबांपासून आजच्या घटक राज्यापर्यंत राज्यकर्ते बदलले, कारभाराची भाषा बदलली, लिपीही बदलली. पण गावच्या चवाठ्यावर बसणाऱ्यांपुढचे विषय मात्र फारसे बदलले नाहीत. बदलला तो निर्णय घेणाऱ्यांचा वर्ग. पंक्तीत कोणाला पाट मिळाला आणि कोण ओसरीखाली उभा राहिला, हे पाहत गेले तर स्थानिक स्वराज्याचा इतिहास कायद्याच्या पुस्तकाबाहेर येतो आणि माणसांचा इतिहास होतो.

गोव्यातील ग्रामसंस्थेचे सर्वांत जुने सविस्तर लेखी वर्णन परकीयाच्या आज्ञेने झाले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १६ सप्टेंबर १५२६ रोजी आफोंसो मेशिया ह्या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज ४९ कलमांत नोंदवून घेतले. हाच तो प्रसिद्ध ‘फोराल’. मेशियाने नवी संस्था निर्माण केली नाही. जी होती तिची दखल घेतली आणि तीही मुख्यतः सारा बिनबोभाट वसूल व्हावा म्हणून. ओसाड, खारट, पाण्याखालची जमीन ज्या घराण्यांनी बांध घालून लागवडीस आणली, ती घराणी गावकर. जमीन एकाची नव्हे, सर्वांची. शेते ठरावीक मुदतीसाठी, बहुधा तीन वर्षांसाठी, पावणीला काढायची, म्हणजे जाहीर लिलावाने खंडाने द्यायची. आलेल्या उत्पन्नातून आधी सरकारचा सारा, मग बांध-मानशींची दुरुस्ती, देवळाचा खर्च आणि गावसेवकांचे मोल भागवायचे. उरेल ते गावकरांत वाटायचे. तूट आली तर तीही गावकरांनीच सोसायची. अंदाजपत्रक, लेखापरीक्षण, विकासनिधी हे शब्द जन्माला येण्यापूर्वीची ही व्यवस्था आहे. आणि जमाखर्चाच्या शिस्तीत ती आजच्या कित्येक संस्थांना लाजवील अशी होती.

निर्णयाची पद्धत तर अधिकच लक्षणीय. गावकरांची बैठक भरे, कुळकर्णी विषय मांडी व झालेला ठराव लिहून घेई. कुळकर्ण्यावाचून ठराव ग्राह्य नसे. बहुमताची कल्पना ह्या बैठकीला परकी होती. ठराव व्हायचा तो एकमताने. एका गावकराने ‘नाही’ म्हटले तरी विषय अडून राही, अशी रीत ग्रामसंस्थेचे अभ्यासक सांगतात. मानपानाचा क्रमही ठरलेला असे. तिसवाडीत भातकापणीचा पहिला मान ताळगावच्या गावकरांचा, हे फोरालात नमूद आहे. ह्या एकमताच्या दंडकाचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते अस्थानी नाही. तथापि बैठकीत कोण नव्हते तेही पाहिले पाहिजे. गावकरी ही मूळ घराण्यांतील पुरुषांची मिरास होती. स्त्रियांना तिथे स्थान नव्हते. भाटकाराच्या भाटात झोपडी घालून राहणारा मुंडकार, शेत कसणारे कूळ, गावात चार पिढ्या राहिलेला पण ‘बाहेरचा’ गणला गेलेला कारागीर, ह्यांपैकी कोणाच्याही ‘नाही’ला काडीची किंमत नव्हती. गावाचा बांध त्यांच्या हातांनी उभा राही. बांधाचा निर्णय त्यांच्या तोंडून येत नसे.

शहरात पोर्तुगीजांनी स्वतःची संस्था आणली. आल्बुकर्कने गोवा घेतल्यावर लगेच लिस्बनच्या धर्तीवर नगरसभा स्थापन झाली. ‘सेनादो द कामर’ हे तिचे नाव. तिच्यात कारागिरांच्या व्यवसायसंघांचे चार प्रतिनिधीही बसत, ही त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट होती; अर्थात हे कारागीर पोर्तुगीज समाजातले. हिंदू रहिवाशांना तिथे जागा नव्हती. ह्या संस्थेच्या नावातला ‘कामर’ हा शब्द मात्र लोकांच्या तोंडी इतका रुळला, की मुक्तीनंतरही वृद्ध माणसे नगरपालिकेच्या कचेरीत जाताना ‘कामरांत वतां’ असेच म्हणत.

पेडणे आणि डिचोली ह्या इतिहासात फार उशिरा आले. तिसवाडी, बार्देस, सासष्टी ह्या जुन्या काबिजाती सोळाव्या शतकातच पोर्तुगीज अंमलाखाली गेल्या होत्या. डिचोली सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे आले. मधल्या अडीचशे वर्षांत पोर्तुगीज सत्ता थकली होती, धर्मांतराचा आवेश ओसरला होता. त्यामुळे नव्या काबिजातींतील लोकांना त्यांचा धर्म, देवस्थाने व चालीरीती राखण्याचे अभिवचन मिळाले. इथली देवळे जागेवर राहिली, त्यांचे महाजन राहिले, आणि मराठी राहिली. १८२४ मध्ये नव्या काबिजातींतील रहिवाशांच्या रूढी व वहिवाटींची संहिता सिद्ध झाली. पुढे ती पोर्तुगीज व मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. पोर्तुगीज राज्यातील कायदा मराठीत वाचता येणे, ही पेडणे-डिचोलीच्या कुळकर्ण्याला आणि देसायाला लाभलेली सोय होती. मराठी ग्रंथांचे जतन करणाऱ्यांनी ह्या संहितेकडे केवळ कायद्याचे पुस्तक म्हणून पाहू नये. आपल्या भागातील मराठी कारभाराच्या भाषेचा तो एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

पण भाषा राहिली म्हणून सत्ता राहिली असे नाही. जुन्या काबिजातींत गावकरीची घडी जशी घट्ट होती, तशी ती इकडे सर्वत्र उरली नव्हती. सावंतवाडीच्या अमलात देसाई, सरदेसाई, इनामदार ह्यांचे प्राबल्य वाढले होते. पोर्तुगीजांनी त्यांना हात न लावता आपलेसे केले. पेडण्याच्या देशप्रभू घराण्याला पोर्तुगालच्या राजाकडून ‘व्हिस्कोंद’ हा किताब मिळाला. शेजारच्या सत्तरीत राण्यांचे मोकासे होते. पडीक व जंगल जमिनी लागवडीच्या अटीवर ‘आल्वारा’ देऊन वाटण्यात आल्या, आणि ह्या आल्वारा जमिनींच्या मालकीचा गुंता डिचोली-सत्तरीच्या लोकांना मुक्तीनंतरही कित्येक दशके पुरला. गावचा विकास, गावचा पैसा आणि गावातले घर ह्या तिन्ही बाबतींत शेवटचा शब्द भाटकाराचा, अशी स्थिती ह्या टापूत निर्माण झाली. सरकारने विचारल्यावाचून कर लादला की काय होते हेही ह्याच टापूने दाखवले. १८५२ मध्ये दिपाजी राण्यांनी नाणूसच्या किल्ल्यावरून बंड उभारले, त्याच्या कारणांत जाचक करांचा वाटा मोठा होता. बंड १८५५ पर्यंत चालले आणि सरकारला तडजोड करावी लागली.

१९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले. हिंदूंना नागरिकत्वाचे समान हक्क मिळाले. गोव्यात मराठी शाळा, वाचनालये, वृत्तपत्रे ह्यांना एकदम बहर आला. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई ह्यांचे ‘भारत’ १९१२ मध्ये निघाले ते ह्याच वातावरणात. सार्वजनिक प्रश्नांवर लेखी तक्रार करण्याची, अर्ज लिहिण्याची, सभा भरवून ठराव करण्याची सवय लागली ती अशा वाचनालयांच्या ओसऱ्यांवर. हा बहर फार टिकला नाही. सालाझारच्या राजवटीत तालुक्याचा ‘आदमिनिस्त्रादोर’ हाच नगरसभेचाही प्रमुख असे आणि गावात त्याचा ‘रेजिदोर’. कामर होती, तिचे अंदाजपत्रक होते, बाजारात बसणाऱ्यांकडून सोपो वसूल होत होता, दिवाबत्ती आणि रस्ते होते. नव्हता तो नागरिक. गावकरीसाठी १८८२, १९०४, १९३३ असे कायदे होत गेले आणि दर वेळी कोमुनिदादीवर सरकारी अधिकाऱ्याची पकड घट्ट झाली. शेवटची संहिता १५ एप्रिल १९६१ची. आठ महिन्यांनी, १९ डिसेंबरला, ती करणारे सरकारच गोव्यातून गेले; संहिता मात्र राहिली.

मुक्तीनंतर घडामोडी वेगाने झाल्या. १९६२ मध्ये ग्रामपंचायत विनियम आला आणि त्याच वर्षी प्रौढ मतदानाने पंचायती निवडल्या गेल्या. विधानसभेच्या पहिल्या निवडणुकीआधी सुमारे एक वर्ष गोमंतकीयाने आपला पंच निवडला, ह्या क्रमाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. कालपर्यंत ओसरीखाली उभा राहणारा मुंडकार आता भाटकाराशेजारी खुर्चीवर बसू लागला. डिसेंबर १९६३ मध्ये मूळ पेडण्याचे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १९६४चा कूळ कायदा आणि १९७६ची पाचवी दुरुस्ती ह्यांनी कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला. १९७५च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराला संरक्षण दिले, आणि पंचायत क्षेत्रात घराखालच्या जागेसह ३०० चौरस मीटर, शहरी भागात २०० चौरस मीटरपर्यंतची जागा विकत घेण्याची वाट मोकळी केली. ह्या कायद्यांची एक बाजू क्वचितच बोलली जाते. कोमुनिदादीची शेते कुळांकडे गेली, तसे बांधाची सामुदायिक डागडुजी करणारे जुने यंत्रही थांबले. कुळांच्या संघटनांवर ते काम सोपवले गेले. पण अनेक गावी खाजनांचे बांध खचले ते खचलेच. न्याय झाला, त्याची ही किंमत.

नगरपालिकांसाठी १९६८चा कायदा झाला. त्यांची वर्गवारी लोकसंख्येनुसार अ, ब, क अशी. डिचोली, साखळी आणि पेडणे ह्या तिन्ही नगरपालिकांचे कामकाज ह्याच कायद्याने चालते, आणि तो बारकाईने पाहिला तर पालिकेचा निर्णय म्हणजे नेमके काय हे कळते. प्रभागातून नगरसेवक निवडून येतात, ते आपल्यातून नगराध्यक्ष निवडतात. मुख्याधिकारी मात्र सरकारने पाठवलेला. नव्या आर्थिक वर्षाआधी अंदाजपत्रक मंडळापुढे येते. घरपट्टी, व्यवसाय परवान्यांचे शुल्क, बाजारातील गाळ्यांचे भाडे, सोपो ही जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला कर्मचाऱ्यांचे पगार आणि कचरा ह्या दोनच बाबी इतक्या मोठ्या, की उरलेल्यात एखादे गटार किंवा पायवाट बसते. पेडण्यासारख्या छोट्या पालिकेला ह्याची झळ अधिक. सोपोचा लिलाव किती रुपयांना जाणार, ह्यावर तिथे चर्चा रंगते ती उगीच नव्हे. मोठा रस्ता, बाजार प्रकल्प, सभागृह हवे तर सरकारी अनुदानाकडे किंवा नगरविकास यंत्रणेकडे हात पसरावा लागतो. आणि ज्याचा पैसा त्याचा आराखडा, हे ओघाने आलेच. मंडळाचा ठराव स्थगित करण्याचे अधिकारही सरकारच्या हाती आहेत. म्हणजे एकेकाळच्या गावकराचे ‘नाही’ आता पणजीत उच्चारले जाते.

१९९२च्या ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्त्यांनी हे चित्र पालटावे अशी अपेक्षा होती. गोव्यात १९९४चा पंचायत राज कायदा आला. लोकसंख्या २० लाखांहून कमी असल्याने तालुका पातळीची पायरी वगळून ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत अशी दोनच पातळ्यांची रचना झाली. स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या. पाचशे वर्षांच्या ह्या हकिकतीत त्या प्रथमच निर्णयाच्या जागी हक्काने बसल्या. ग्रामसभांना कायद्याचे अधिष्ठान आले. परंतु जमिनीच्या वापराचा निर्णय १९७४च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली राज्याच्या खात्याकडेच राहिला. घर बांधण्याचा परवाना पंचायत देते खरी. पण त्याआधी नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी लागते, आणि ती मिळालेल्या बांधकामाला पंचायतीने नकार दिला तर अपिलात तो टिकेलच असे नसते. ग्रामसभेच्या ठरावाचे वजन कायद्यापेक्षा लोकमतात अधिक आहे. ते वजन एकदा स्पष्ट दिसले. २००६ मध्ये अधिसूचित झालेल्या प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गावोगावी ग्रामसभा पेटल्या, गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि २००७च्या आरंभी सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या प्रादेशिक आराखडा २०२१चे मसुदे गावनिहाय नकाशांसह पंचायतींकडे पाठवण्यात आले. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ह्यांचा त्या कामात प्रमुख सहभाग होता. गावकऱ्यांनी आपल्या नकाशावर बोट ठेवून ‘हे शेत आहे, इथे वस्ती दाखवू नका’ असे लिहून देणे, हे गोव्याला नवीनच होते.

विकासाचे सर्वांत मोठे निर्णय मात्र ह्या दोन्ही तालुक्यांत पंचायतीच्या आवाक्याबाहेरच झाले. डिचोलीच्या डोंगरांतून लोहखनिज निघाले, रस्त्यांवर ट्रकांची रांग लागली, शेतांत लाल गाळ उतरला. स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत गेले. पंचायतीच्या वाट्याला धूळ आली असे लोक म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा मात्र ट्रकमालकापासून गॅरेजवाल्यापर्यंत साऱ्या तालुक्याचे अर्थकारण कोसळले. धूळही गेली, रोजीही गेली. पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ आला. मोपा, कासारवर्णे, चांदेल, उगवे, वारखंड आणि आंबेरे ह्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या, काही धनगर कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती सोडावी लागली. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी कोनशिला बसली. पर्यावरण दाखला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केला, जानेवारी २०२० मध्ये अटींसह पुन्हा खुला केला, आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. ह्या एवढ्या वाटचालीत भूसंपादन अधिकारी, मंत्रिमंडळ, हरित लवाद, सर्वोच्च न्यायालय अशी सगळी पीठे येऊन गेली. ज्या पंचायतींच्या हद्दीत हे घडले त्यांची नावे त्या कागदपत्रांत मुख्यतः सर्व्हे क्रमांकांच्या शेजारी आढळतात.

घराच्या प्रश्नाची खरी खोली पाहायची तर डिचोली तालुक्यातील मये गावाकडेच यावे लागते. तळ्यामुळे पर्यटकांना ठाऊक असलेल्या ह्या गावाची बरीचशी जमीन पोर्तुगीज काळात ‘कोंद द मये’ ह्या किताबधारी घराण्याच्या नावे होती. ग्रामस्थांचे म्हणणे असे, की जमीन मुळात गावाची. सरकारने ती परस्पर सरदाराला बहाल केली. मुक्तीच्या वेळी मालक पोर्तुगालला निघून गेला. १९६४ मध्ये स्थलांतरितांच्या मालमत्तेच्या व्यवस्थापनाचा कायदा झाला आणि मयेची जमीन सरकारी अभिरक्षकाच्या, लोकांच्या भाषेत ‘कस्टोडियन’च्या, ताब्यात गेली. इथेच इतिहासाची चेष्टा सुरू झाली. गोव्यात अन्यत्र कूळ कायदा लागला, मुंडकार कायदा लागला, कुळे जमिनीची मालक झाली. मयेत मात्र मालक पळून गेलेला आणि त्याच्या जागी सरकार राखणदार. मग कुळाने हक्क मागायचा कोणाकडे? ज्या गोमंतकीयाला मुक्ती सर्वांत आधी जमिनीच्या रूपाने मिळायची, तो मयेकर मुक्तीनंतरही सरदाराच्याच जमिनीवर राहत होता, फक्त सरदार गावात नव्हता.

ह्याचा अर्थ रोजच्या व्यवहारात काय होतो, हे शहरात राहणाऱ्यांना सहज उमगणार नाही. घर आजोबांनी बांधलेले, पण जमिनीचा कागद नाही. भिंत पडली तर दुरुस्तीला परवानगी हवी. मुलाचे लग्न झाले, एक खोली वाढवायची, तर त्याच खेपा. बँक तारणावाचून कर्ज देत नाही आणि तारणाला नावावर जमीन लागते. गावात निवडून आलेली पंचायत आहे, तिचा सरपंच शेजारीच राहतो, त्याचेही घर त्याच जमिनीवर आहे. पण मालकीच्या कागदावाचून त्याच्या हातातील शिक्क्याला अर्थ नाही. मत आहे, पंच आहे, ग्रामसभा आहे, आणि तरीही पायाखालच्या जागेबद्दल गावाला काही ठरवता येत नाही. गावकरीच्या काळी मुंडकाराला घर होते आणि आवाज नव्हता. मयेकराला आवाज मिळाला, पण घर त्याच्या नावावर नव्हते.

गाव गप्प बसले नाही. निवेदने, मोर्चे, धरणी, विधानसभेतील प्रश्न ह्यांत पन्नास वर्षे गेली. मुख्यमंत्री आले, आश्वासने देऊन गेले. अखेर २०१४ मध्ये विधानसभेने जमिनीवरील पोर्तुगीजकालीन मालकी, किताब व देणग्या नष्ट करणारा कायदा संमत केला. सरदाराचा हक्क संपला, जमीन सरकारात विलीन झाली आणि रहिवाशांना सनदा देण्याचा मार्ग मोकळा झाला. कायदा झाला तरी काम सोपे नव्हते. कस्टोडियनकडच्या जुन्या नोंदींत आजोबांचे नाव एका तऱ्हेने, जन्मदाखल्यात दुसऱ्या तऱ्हेने. एका घराचे तीन भाऊ, त्यांतला एक मुंबईला. नकाशावरची हद्द एकीकडे, माडांची रांग दुसरीकडे. पुरावा म्हणून लोकांनी पेटारे उघडले, आणि त्यांतून घरपट्टीच्या पावत्या, खंडाच्या चिठ्ठ्या, विजेची बिले बाहेर पडली. ज्या घरपट्टीला पंचायतीच्या अंदाजपत्रकात किरकोळ जमा समजत, तिचीच पिवळी पडलेली पावती घर किती जुने हे सांगणारी साक्षीदार ठरली. अर्जांची छाननी होऊन टप्प्याटप्प्याने सनदा हाती पडू लागल्या, तेव्हा त्या घ्यायला आलेल्यांत अनेकांचे वय १९६१ साली शाळकरी मुलाचे होते. ज्यांनी पहिली निवेदने लिहिली होती, त्यांच्यापैकी कित्येकांच्या जागी त्यांची नातवंडे सही करायला उभी होती.